चार बाजू माहीत, क्षेत्रफळ नाही: तासगाव तालुक्यातील एका वाटपाचे प्रकरण

(हे प्रकरण खरे आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापे फुटांत दिली आहेत.)

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात दोन सख्ख्या भावांचे आपसात वाटप चालले होते. थोरल्यांना घरात आप्पा म्हणतात, धाकट्यांना तात्या. गट एकच, सातबाराही एकच. तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करायचा होता, पण त्याआधी कुणाला कुठला तुकडा हे घरातच ठरवायचे, असे दोघांचे मत होते.

ओढ्याकडेचा एक चौकोनी तुकडा आप्पांनी ठेवायचा, कारण तिथली द्राक्षबाग त्यांनी उभी केली होती. त्याच्या बदल्यात तात्यांना रस्त्याकडेच्या आयताकृती पट्टीतून तेवढेच क्षेत्र तोडून द्यायचे. एकीकडे विहीर, दुसरीकडे रस्ता, त्यामुळे जमिनीच्या किमतीचा हिशोब न करता क्षेत्राला क्षेत्र, यावर दोघेही राजी होते. पट्टीची रुंदी ६६ फूट. ओढ्याकडेच्या तुकड्याचे क्षेत्रफळ कळले की त्याला ६६ ने भागायचे आणि येईल त्या लांबीवर हद्दीचा दगड रोवायचा.

अख्ख्या गटाचे क्षेत्र सातबारावर होते, या तुकड्याचे वेगळे कुठेच नव्हते. म्हणून टेप धरून चारी बांध मोजले. कोपऱ्यांना मी क, ख, ग, घ म्हणतो: क विहिरीजवळचा, ख लिंबाच्या झाडाखालचा, ग ओढ्याच्या कडेचा आणि घ गाडीवाटेला लागून. बाजू आल्या त्या अशा: कख १५० फूट, खग १००, गघ १३० आणि घक ११०.

अडचण

गावात अशा तुकड्याचा हिशोब सगळे एकाच रीतीने करतात. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. १५० आणि १३० ची सरासरी १४०, १०० आणि ११० ची १०५. गुणाकार १४,७०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे साडेतेरा गुंठे झाले. रस्त्याकडेच्या पट्टीत दगड २२२ फूट ९ इंचांवर येत होता.

आप्पांना हे पटेना. बागेत नऊ बाय पाचवर लागण आहे, म्हणजे झाडामागे ४५ चौरस फूट. साडेतेरा गुंठ्यांत सव्वातीनशे झाडे बसायला हवीत, आणि बागेत अडीचशेही नाहीत. तात्यांचे म्हणणे असे की बांधालगत फिरायला जागा सोडलेली असते, त्यामुळे झाडे मोजून क्षेत्र सांगता येत नाही. तात्यांचा मुद्दा बरोबर होता, पण त्याने आप्पांची शंका काही गेली नाही.

तात्यांची नात दहावीत आहे आणि गणिताच्या स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिने वहीत ब्रह्मगुप्ताचे सूत्र लावले. परिमितीचे अर्धे करायचे, त्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही वजाबाक्यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यायचे. परिमिती ४९०, अर्धी २४५. वजाबाक्या ९५, १४५, ११५ आणि १३५. गुणाकार २१,३८,५६,८७५ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १४,६२४. म्हणजे तेरा गुंठे सात आणे (सोळा आण्यांचा एक गुंठा).

आता घरात वाद मिटल्यासारखा झाला. गावरान रीत साडेतेरा म्हणते, पुस्तकातले सूत्र एक आणा कमी म्हणते, मग तात्यांचाच आकडा खरा. ती मुलगी माझ्याकडे गणिताला येते. हिशोब तपासून द्या म्हणून वही माझ्यासमोर आली, आणि "सर, दोन्हीकडनं तेच आलंय की" असे ती आनंदाने म्हणाली. आकडेमोडीत एकही चूक नव्हती.

दोन आकडे जवळ का आले

मी तिला एवढेच विचारले की हे सूत्र कुठल्या चौकोनाला लागू होते. "चक्रीय." बरोबर. मग हे चार कोपरे एकाच वर्तुळावर आहेत हे कशावरून? तिचे उत्तर असे होते की बिंदूंतून वर्तुळ काढता येतेच. हा घोटाळा मी बऱ्याच हुशार मुलांत पाहतो. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून वर्तुळ जातेच आणि एकच जाते. चौथा बिंदू त्याच वर्तुळावर पडलाच पाहिजे असे मुळीच नाही. क, ख, ग मधून जाणारे वर्तुळ घ मधूनही जाते की नाही, हे घ कुठे आहे त्यावर ठरते, आणि चार बाजूंच्या लांबीवरून घ ची जागा नक्की होत नाही.

सांधे ढिले झालेली बाज डोळ्यासमोर आणा. चारही लाकडांची लांबी तीच राहते, पण कोपऱ्याला धरून रेटली की चौकट कलंडते आणि आतली जागा कमी होते. त्या सगळ्या आकारांत सर्वांत जास्त जागा एकाच स्थितीत असते: चारही कोपरे वर्तुळावर येतात तेव्हा. ब्रह्मगुप्ताचे सूत्र तेवढी कमाल जागा सांगते. चौकोन वर्तुळात बसणारा नसेल तर खरे क्षेत्रफळ त्याहून कमीच असते.

सरासरीची रीत तर आणखी वर जाते. कुठल्याही कोपऱ्यात दोन बाजू आणि कर्ण यांचा जो त्रिकोण होतो, त्याचे क्षेत्रफळ त्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून जास्त असूच शकत नाही, आणि निम्मे भरायला कोपरा काटकोनीच लागतो. चारही कोपऱ्यांचे असे त्रिकोण मिळवले की चौकोनाचे क्षेत्रफळ दोनदा येते. त्यातून निघते ते हेच की सरासरीची रीत फक्त आयताला अचूक लागते, बाकी प्रत्येक वेळी फुगवते.

म्हणजे दोन्ही आकडे कमाल मर्यादा होत्या. ते एकमेकांच्या जवळ आले कारण दोन्ही त्याच चार बाजूंवरून काढले होते आणि तुकडा किती कलंडलेला आहे हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हते. एका आकड्याने दुसऱ्याची खात्री पटवली असे घरच्यांना वाटले, पण अशी खात्री पटायला दुसरा आकडा वेगळ्या मापावर उभा असावा लागतो.

हा पेच फार जुना आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात या दोन्ही रीती एकाच श्लोकात दिल्या आहेत. सरासरीच्या गुणाकाराला त्याने स्थूल फळ, म्हणजे ढोबळ क्षेत्रफळ, म्हटले आणि वर्गमूळाच्या सूत्राला सूक्ष्म. चौकोन वर्तुळात बसणारा हवा, ही अट मात्र श्लोकात उघडपणे येत नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत त्यावर नेमके बोट ठेवले. या सूत्राने त्रिकोणाचे फळ स्पष्ट येते, चौकोनाचे अस्फुट, म्हणजे नेमके नसलेले, असे ते म्हणतात. एखादा कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे ठरावीक क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी चक्क पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. पुढे ५२, ३९, २५ आणि ६० बाजूंचा, ५६ आणि ६३ कर्णांचा पूर्वीच्या गणितींनी दिलेला चौकोन घेऊन ते विचारतात की याच बाजूंचे दुसरे कर्ण कोणते. मी त्या मुलीला हे सगळे सांगितले, कारण तिच्या वहीतला प्रश्न आणि लीलावतीतला प्रश्न अक्षरशः एकच होता.

समोर असलेले पर्याय

एक कर्ण मोजला की काम होते. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि तीन बाजू ठरलेला त्रिकोण कलंडत नाही. मग शाळेत शिकवतात ते हिरोचे सूत्र दोनदा लावायचे. एवढे सोपे असून कर्ण आधी का मोजला नाही, तर मध्ये बाग होती. मार्च महिना, मांडवावर पानांची गर्दी, या कोपऱ्यातून तो कोपरा दिसत नाही. तात्यांच्या मुलाने एकदा टेप आतून ओढून पाहिली होती आणि २११ फूट भरले होते. पण टेप खोडांना आणि मांडवाच्या लोखंडी अँगलला अडत, ठिबकच्या नळ्यांवरून गेलेली. वाकडी टेप नेहमी जास्त दाखवते. या तुकड्यात कर्ण तीन फूट जास्त धरला तर क्षेत्र जवळजवळ पाच आणे कमी येते. त्या मापावर दगड रोवला असता तर आता तात्यांचे नुकसान झाले असते.

मोबाईलवर कोपरे टिपून क्षेत्र काढायचे, असे एका पाहुण्यांनी सुचवले. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या रानातही काही मीटर इकडेतिकडे होतो. या तुकड्याचा घेर सुमारे १४९ मीटर. चारी बाजूंनी एकच मीटर बाहेर गेला तरी दीड गुंठा वाढतो, आणि वाद तर तेवढ्याचाच होता. तो पर्याय मी लगेच बाजूला ठेवायला सांगितला.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी हा शेवटी करायचाच मार्ग होता. त्यांचे मशीन आणि त्यांचा नकाशा यापुढे आमच्या टेपचे काही चालत नाही. पण त्याला वेळ लागणार होता, आणि घरात ताण वाढत होता. आप्पा तर म्हणू लागले होते की आकडे काढणारी पोर तात्यांची आहे. हे मला फार लागले, कारण मुलीने सरळ मनाने हिशोब केला होता. पण आकडा तिच्या आजोबांच्या बाजूचा होता हेही खरे, आणि तेरा गुंठे सात आण्यांवर मी तिच्या वहीत बरोबरची खूण केली असती तर ती शंका कायमची राहिली असती.

राहिला चौथा मार्ग: कर्ण न मोजता कोपऱ्याचा कोन मोजायचा. बांध मोकळे होते.

काय केले

रविवारी सकाळी आम्ही रानात गेलो. टेप धरायला एका टोकाला आप्पांचा मुलगा आणि दुसऱ्या टोकाला तात्यांचा, हे मी आधीच सांगून ठेवले होते. माप प्रत्येक वेळी दोघांनी मोठ्याने वाचायचे आणि मुलीने लिहायचे.

लिंबाखालच्या ख कोपऱ्यापासून दोन्ही बांधांवर ३० फुटांवर खुंट्या ठोकल्या आणि खुंटीपासून खुंटीपर्यंत अंतर घेतले. ४९ फूट ६ इंच. गाडीवाटेच्या घ कोपऱ्यावर तेच केले. तिथे ५२ फूट भरले.

वर्तुळाचा प्रश्न तिथेच, बांधावर उभ्या उभ्या निकालात निघाला. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात हे दहावीत पाठ असते. ख आणि घ हे कोन पूरक असते, तर ते शेजारी शेजारी ठेवल्यावर ३० फूट त्रिज्येचे अर्धवर्तुळ भरले असते. आपण मोजलेली दोन अंतरे त्या अर्धवर्तुळातल्या लागून असलेल्या दोन जीवा झाल्या असत्या. अर्धवर्तुळात आंतरलिखित झालेला कोन काटकोन असतो, म्हणून दोन्ही जीवांच्या वर्गांची बेरीज ६० च्या वर्गाएवढी, ३,६०० यायला हवी होती. आली ५,१५४. दोन इंचांच्या चुकीने पडणारा हा फरक नाही. कोपरे एका वर्तुळावर नाहीत.

मुलीने ही बेरीज दोनदा केली. मग ती आप्पांकडे वळून म्हणाली, "आप्पाआजोबा, माझं सूत्र इथं चालत नाही." मला तिचा फार अभिमान वाटला.

मग कर्ण. ख कोपऱ्यावरच्या मापावरून कोनाची कोसाइन −०.३६१ आली आणि त्यावरून कग हा कर्ण २०८.२ फूट. घ कोपऱ्यावरून स्वतंत्रपणे काढला, तोही २०८.२. हे जुळणे खरे जुळणे होते: दोन वेगळे कोपरे, दोन वेगळी मापे, बाजूही वेगळ्या. क्षेत्रफळ १३,१७६ चौरस फूट, म्हणजे बारा गुंठ्यांच्या वर दीड आणा.

निर्णयाची वळणे

तात्या गप्प होते. पट्टीतली त्यांची लांबी २२२ फूट ९ इंचांवरून १९९ फूट ८ इंचांवर आली होती. कोसाइन वगैरे त्यांच्या कानावरून गेले असणार, आणि रस्त्याकडेचे तेवीस फूट एखाद्याने कळत नसलेल्या हिशोबावर सोडावेत अशी अपेक्षा करणे मला योग्य वाटले नाही. त्याच दिवशी दगड रोवून मोकळे व्हावे, असा आप्पांच्या मुलाचा आग्रह होता. मी सांगितले की एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की मांडव उघडा पडेल, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टेप सरळ ओढू, तोवर दगड नको. तात्यांना हे लगेच पटले. आप्पांनी थोडी कुरकुर केली आणि मान्य केले.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हा वाटतो. गणित त्या रविवारीच सुटले होते. पण ज्याचे क्षेत्र कमी होणार आहे त्याला समजेल अशा मापाने ते दाखवायला महिनाभर थांबणे भाग होते.

छाटणीनंतर दोन्ही कर्ण मोजले. कग २०८ फूट, खघ १३३ फूट ६ इंच. हिरोच्या सूत्राने कग वरचे दोन त्रिकोण ७,००१ आणि ६,१९७, बेरीज १३,१९८. खघ वरचे दोन त्रिकोण ७,१०४ आणि ६,०९१, बेरीज १३,१९५. तीन चौरस फुटांचा फरक. मुलीने स्वतःहून आणखी एक पडताळा घेतला: चक्रीय चौकोनात दोन कर्णांचा गुणाकार हा समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांच्या बेरजेएवढा असतो. बाजूंवरून ३०,५०० येतात, कर्णांवरून २७,७६८. म्हणजे वर्तुळ इथेही नाहीच.

निष्पत्ती

क्षेत्र बारा गुंठे दोन आणे धरले. १३,१९८ भागिले ६६ म्हणजे जवळजवळ नेमके २०० फूट. दगड दोनशे फुटांवर, दोन्ही घरच्यांसमोर रोवला. साध्या कागदावर चार बाजू, दोन कर्ण आणि आकृती काढून दोघांनी सह्या केल्या. सरकारी मोजणीत वेगळे क्षेत्र आले तर दगड त्याप्रमाणे हलवायचा, हेही त्यात लिहिले. मोजणीचा अर्ज गेला आहे. तुलना करता यावी म्हणून आमचा आकडा मेट्रिकमध्ये करून ठेवला आहे: सुमारे १,२२६ चौरस मीटर, सातबाराच्या भाषेत बारा आर सव्वीस.

आप्पांनी मुलीबद्दल काढलेले शब्द मागे घेतले की नाही ते मला माहीत नाही. छाटणीनंतरच्या मापाच्या वेळी कागद-पेन्सिल त्यांनीच तिच्या हातात दिली.

काय वेगळे करता आले असते

पहिल्याच दिवशी बांध मोजताना दोन कोपऱ्यांवर खुंट्यांचे माप घेतले असते, तर साडेतेराचा आकडा कुणाच्या तोंडी बसलाच नसता. आकडा एकदा बोलला गेला की तो हक्क वाटू लागतो, आणि मग खरे माप आल्यावर काहीतरी हिरावून घेतल्यासारखे होते. तात्यांचे तसेच झाले.

खुंट्या ३० ऐवजी ५० फुटांवर ठोकता आल्या असत्या. हात जितका लांब तितकी इंचाची चूक कमी जाणवते. ओढ्याकडच्या बांधाला थोडा बाक आहे, आम्ही ग ते घ सरळ दोरी धरली. बाकाच्या मध्यावर दोरीपासूनचे अंतर लिहून ठेवायला हवे होते, कारण मोजणीच्या नकाशात फरक निघाला तर तो बहुधा तिथलाच असेल.

आणि शिकवण्याबद्दल. परीक्षेच्या तयारीत ब्रह्मगुप्ताचे सूत्र "चक्रीय चौकोन, बाजू अमुक" अशाच प्रश्नांतून भेटते. चक्रीय हा शब्द प्रश्नातच छापलेला असल्यामुळे तो तपासायची वेळ मुलांवर कधी येत नाही. यंदापासून मी त्याच धड्यात एक प्रश्न असा देतो: चार बाजू दिल्या आहेत, क्षेत्रफळ काढण्यासाठी आणखी कोणते एक माप मागाल ते लिहा. काही मुले कर्ण मागतात, काही कोन. एकाने लंब मागितला. तीनही उत्तरांना पूर्ण गुण दिले.